भट्टीचा धूर

त्या गावात माझं नाव ‘उन्हाची बाई’ पडलं होतं. मेहकर तालुक्यातलं ते बऱ्यापैकी मोठं गाव. आठवड्याचा बाजार भरायचा आणि मॅट्रिकपर्यंतची शाळा होती. शाळेत प्रयोगशाळा म्हणून जी खोली दाखवत, तिच्यात एक कुलूपबंद कपाट होतं. त्यातली भिंगं आणि तापमापी फक्त साहेबांच्या तपासणीला बाहेर काढायची असतात, अशी मुख्याध्यापकांची ठाम समजूत होती. पहिल्याच महिन्यात मी त्यांच्याशी भांडून एक तापमापी मिळवली. बाकी माझी प्रयोगशाळा म्हणजे शाळेमागचं मोकळं आवार आणि वरचं ऊन. पितळेचा गडवा, तेलाचे रिकामे डबे, खिडकीची निखळलेली काच, एवढ्यावर मी उष्णता, प्रकाश, ऊर्जा सगळं शिकवायची. डोक्यावर पदर घेऊन भर दुपारी डब्यात डोकावणारी बाई पाहून रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे, हसायचे आणि पुढे जायचे.

मी मूळची अकोल्याची. बी.एस्सी., बी.एड. झाले आणि जिथं पहिली नोकरी मिळाली तिथं आले. राग माझ्या नाकावरच बसलेला असायचा. मुलं मला भ्यायची, पण माझा तास बुडवायची नाहीत, हे मी आजही जरा मिरवून सांगते. त्यातही ऊर्जेचा धडा माझा लाडका. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हे पुस्तकात एका ओळीत होतं. मी त्या ओळीवर किती तरी तास घालवायची. पऱ्हाटीचं काय काय होतं ते सांगा, असं विचारायची. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर वावरात उरलेली कपाशीची वाळकी झाडं. आमच्याकडे घरोघरी चुलीत तीच जाते. पोरं सांगायची, जळते, राख होते. मी म्हणायची, जळून गेली म्हणता, पण त्या उष्णतेचं काय झालं? आणि ती पऱ्हाटीत आली कुठून? असं उलट जात जात आम्ही सूर्यापर्यंत पोचायचो.

असंच एकदा सूर्यापर्यंत पोचल्यावर मुलींच्या बाकावरून एक आवाज आला.

“बाई, मंग आमच्या विटेत ऊनच भाजून ठेवलेलं हाय म्हना ना.”

सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. मला एवढा आनंद झाला होता की मी खडू खाली ठेवला आणि तिच्याकडे बघतच राहिले. दहावीचा वर्ग; येत्या जूनमध्ये ती अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला जाणार होती. नाल्यापलीकडे वीटभट्टी होती, त्या भट्टीवाल्याची ती थोरली मुलगी. सकाळी आईबरोबर साच्यात माती थापून विटा पाडायची आणि मग शाळेत यायची, त्यामुळं तिच्या नखांत कायम माती असायची. बौद्ध वस्तीतून मॅट्रिकपर्यंत पोचणारी ती पहिली मुलगी. तिला शिक्षिका व्हायचं होतं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं; पण मी फळ्यावर लिहीत असताना ती माझ्याकडे कशी बघते, त्यावरून ते मला कळत होतं.

तिच्या वडिलांना गावातली सगळी माणसं नुसतं ‘भट्टीवाला’ म्हणायची. धर्मांतरानंतर वस्तीनं गावची जुनी कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तेव्हा हा गृहस्थ मलकापूरकडे जाऊन एका भट्टीवर राबला, काम शिकला, आणि परत येऊन नाल्याकाठी त्यानं स्वतःची भट्टी लावली. आमच्या शाळेच्या दोन नव्या खोल्या त्याच्याच विटांच्या होत्या. सरपंचांच्या घराची माडीसुद्धा त्याच्याच विटांची. गावाला विटा हव्या होत्या. पण ज्यानं कालपर्यंत बोलावल्यावर यायचं तो आता मालाचा भाव सांगतो आणि आज नाही, परवा या, असंही म्हणतो, हे काही जणांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तसं कोणी उघड बोलत नसे. त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज तेवढा बदलायचा.

त्या मे महिन्यात विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी नागपूरला गेले होते. तिथं एका प्राध्यापकांनी एक व्याख्यान दिलं, त्यानं माझी झोप उडवली. ते म्हणाले, कोळसा, तेल, लाकूड, काहीही जाळलं की त्यातून कर्बाचा एक वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण हवेत साठत जातो. सूर्याची उष्णता तो आत येऊ देतो आणि जमिनीची उष्णता बाहेर जाताना अडवून धरतो. जगभर जाळणं असंच वाढत गेलं तर पुढं पृथ्वीचं हवामानच बदलेल. हे तेव्हा आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. परत येताना शेगावपर्यंत मी आगगाडीच्या खिडकीतून इंजिनाचा काळा लोट बघत होते. हे आपल्या मुलांना सांगितलंच पाहिजे, असं मनाशी ठरवून मी शेगावला उतरले आणि एस.टी. धरली.

शाळा उघडली आणि मी अकरावीच्या वर्गावर तो धडा घेतला. तो बहात्तरचा पावसाळा होता. मृग कोरडा गेला होता, आर्द्राही चालली होती, आणि आभाळ धुतल्यासारखं कोरं होतं. माझ्या प्रयोगाला मात्र ऊन हवंच होतं. दोन डबे आतून काळे केले, उन्हात ठेवले, एकावर काच झाकली. थोड्या वेळानं तापमापी एकात घातली, मग दुसऱ्यात. काचेचा डबा जास्त तापला होता. मुलं आळीपाळीनं डोकावून गेली. मग मी सांगितलं, की हवेतला तो वायू या काचेसारखाच वागतो. आपण थंडीत गोधडी पांघरतो, तेव्हा गोधडी काही उष्णता तयार करत नाही. आपल्याच अंगाची उष्णता धरून ठेवते. तशी पृथ्वीवर ही गोधडी. आपण जितकं जाळू तितकी ती जाड होणार.

मागच्या बाकावर सरपंचांचा पुतण्या बसायचा. त्यानं हात वर केला.

“बाई, भट्टीतूनबी निघते का तो वायू?”

“भट्टीतूनही निघतो,” मी म्हटलं. “चुलीतून निघतो, इंजिनातून निघतो, जिनिंगच्या बॉयलरमधून निघतो, गुऱ्हाळातून निघतो. तुझ्या नाकातूनसुद्धा निघतो. वायू सगळ्यांचाच आहे.”

पोरं हसली. तास संपला. मी डबे आवरले आणि मनात म्हटलं, आज काही तरी शिकवलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. वीट पाडणारा माणूस पाऊस बांधून ठेवतो, अशी आमच्या भागात जुनी समजूत होती. कच्च्या विटा पाडून उन्हात वाळवतात, मग त्या रचून मध्ये मध्ये पऱ्हाटी आणि कोळशाची भुकटी घालतात, बाहेरून मातीनं लिंपतात आणि खालून पेटवतात. पेटण्याआधी पाऊस आला तर सगळ्याचा चिखल होतो. म्हणजे पाऊस लांबला की ज्याचं भलं होतं असं गावात एकच घर, भट्टीवाल्याचं. दर वर्षी पाऊस जरा रेंगाळला की लोक त्याला हसत विचारायचे, काय गा, कुठी बांधून ठेवला? तोही हसायचा. त्याची त्या मोसमातली शेवटची भट्टी त्या वेळी रचून तयार होती, फक्त लिंपून पेटवायची राहिली होती. ती भट्टी निघाली असती तर त्या घराचा पावसाळा निभावला असता आणि मुलीचं मॅट्रिकचं वर्ष बिनघोर गेलं असतं. हे मला मुलीनंच सांगितलं होतं.

त्या वर्षी कोणी हसत विचारलं नाही. पेरणीची वेळ टळून चालली होती. विहिरी तळाला गेल्या होत्या. आणि अशात शाळेतून पोरं घरी गेली आणि त्यांनी सांगितलं की बाईंनी प्रयोग करून दाखवला. भट्टीचा धूर आभाळाला गोधडी घालतो. मुलांनी धड्यातली उष्णता सोडली, पाऊस घातला. वायू सोडला, धूर घातला. जगभर सोडलं आणि नाल्यापलीकडची भट्टी तेवढी ठेवली. मला पुढं फार वेळा वाटलं की वर्गात माझं वाक्य कुठं तरी सैल राहिलं असेल. मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. मला चूक सापडली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. चूक सापडली असती तर दुरुस्त करता आली असती.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. “बाई, उद्या संध्याकाळी पारावर बैठक आहे. भट्टी पेटवू द्यायची की नाही याची. तुम्हाला बोलावणं आहे. जपून बोला.”

“जपून म्हणजे कसं?”

“म्हणजे थोडं बोला,” ते म्हणाले आणि हजेरीपटात डोकं घातलं.

शाळा सुटल्यावर ती मुलगी आवारात माझी वाट बघत उभी होती. इकडं तिकडं बघून तिनं हळूच सांगितलं.

“बाई, उद्या तुमाले पुसतीन. नाई म्हनजा.”

“काय नाही म्हणू?”

“भट्टीतून तो वायू निंगत नाई म्हनजा. येवढंच. बास.”

मला धक्का बसला. साऱ्या वर्गात तो धडा जिला नीट समजला होता, तीच मला हे सांगत होती. मी म्हटलं, “अगं, पण निघतो ना. खोटं कशाला सांगायचं? मी त्यांना समजावून सांगते. एका भट्टीच्या वायूनं पाऊस अडत नाही, हे कोणालाही समजेल. तू काळजी करू नको.”

ती पायानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, “समजाले येतीन तं समजतीन ना, बाई.”

मला तिचा राग आला. घाबरून विज्ञान सोडायचं असतं का, असं काही तरी मी बोलले. ती ‘हाव’ म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पारावर निम्मं गाव होतं. माझ्यासाठी शाळेतली लोखंडी खुर्ची आणून ठेवली होती, कारण पारावर बाईमाणूस बसत नसे. मी त्या खुर्चीवर वरातीतल्या पाहुणीसारखी अवघडून गेले. भट्टीवाला खाली एका बाजूला उभा होता, त्याच्यामागं वस्तीतले चार-पाच जण. लांब विहिरीच्या कठड्याशी त्याची बायको आणि मुलगी.

सरपंच गोड बोलणारे गृहस्थ होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. “बाई, आमी अडानी मानसं,” त्यांनी सुरुवात केली. “तुमी शिकल्यासवरल्या. तुमच्या तोंडून आयकाव म्हनून बलावलं. आमाले फक्त खरं काय ते सांगा.”

मी उभी राहिले आणि वर्गातल्यासारखीच बोलले. वायू काय, गोधडी कशाची, किती काळात, किती मोठ्या जगात. पाऊस समुद्रावरून येतो, वाऱ्यावर येतो, तो एका नाल्याकाठच्या भट्टीनं अडत नाही, हे मी दोनदा सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, समजलं.

सरपंच म्हणाले, “हे सारं बराबर. पन भट्टीतून तो वायू निंगते का नाई?”

“निघतो, पण—”

“आन वर जाते का नाई?”

“जातो. तसा तुमच्या चुलीतूनही जातो.”

“चूल तं पोटासाठी हाय, बाई. ते कशी बंद ठेवाव?” लोकांनी माना डोलावल्या.

“आगगाडीच्या इंजिनातून तर भट्टीच्या कितीतरी पट जातो.”

“इंजिन सरकारचं. त्याले आपन काय सांगनार?”

“जिनिंगमधून जातो. तुमच्या गुऱ्हाळातून जातो.”

“जिनिंग मलकापूरले. आन गुऱ्हाळ हिवाळ्यात. आता कुठी चालू हाय?”

मी एकेक नाव घेत गेले आणि ते एकेक नाव अलगद बाजूला ठेवत गेले. प्रत्येकाला काही तरी कारण होतं, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक कारण ऐकायला रास्त वाटत होतं. शेवटी उरली भट्टी. मी माझ्याच तोंडानं बाकीच्यांची नावं संपवली होती.

भट्टीवाला तेव्हा पहिल्यांदा बोलला. “भाऊ, मी जे पऱ्हाटी भट्टीत जायतो ते कोनाच्या वावरातली रायते? तुमच्याच ना?”

“तुले देल्ली म्हंजे तुयी झाली,” सरपंच म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडलेच. “वायूला काय वस्ती कळते? तुम्ही सगळे इथं बसून श्वास सोडताय, त्यातूनही तोच वायू निघतोय. मग पाऊस येईपर्यंत श्वास बंद ठेवता का?”

मग सरपंच हसून म्हणाले, “बाई तापल्या,” आणि सगळा पार हसला. त्या हसण्यात माझं बोलणं वाहून गेलं. पुढं मी काय बोलले ते मलाही आठवत नाही. विहिरीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

ठरलं ते असं. भट्टीवर कोणाचा राग नाही. फक्त पाऊस पडेपर्यंत तिला इस्तो, म्हणजे विस्तव, लावायचा नाही. एकदा पाऊस पडला की खुशाल पेटवावी.

“पानी पडल्यावर काय पेटवू?” भट्टीवाला म्हणाला. “चिखल?”

कोणी दमदाटी केली नाही, हात उगारला नाही. पण वस्तीतल्या बाया याच लोकांच्या वावरात निंदणाला जायच्या, कोळशाची भुकटी याच लोकांच्या गाड्यांतून यायची. त्याच्यामागं उभे असलेले चार-पाच जण त्याच्याकडे बघत होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि होकारार्थी मान हलवली.

मी स्वस्थ बसले नाही. रविवारी एस.टी.नं मेहकरला जाऊन ओळखीच्या एका वकिलांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लेखी हुकूम आहे का कोणाचा? मारहाण झाली का? भट्टीवाल्यानं स्वतः कबूल केलं ना? मग बाई, तक्रार कोणाविरुद्ध करायची?” मी म्हटलं, पण हे चूक आहे. ते म्हणाले, “चूक तर आहेच.” आणि चहा मागवला. परत येताना वाटभर मला सरपंचांचा राग होता, मुख्याध्यापकांचा होता, वकिलांच्या चहाचासुद्धा होता. आणि त्या मुलीचा मला राग येत होता, कारण तिनं सांगितलेलं खरं ठरलं होतं.

ती शाळेत येत होती. माझ्या तासाला पूर्वीसारखीच पुढं बसत होती. फक्त काही विचारत नव्हती.

मग एके दिवशी दुपारी, मी फळ्यावर गणित मांडत असताना, उजेड एकदम कमी झाला. वारा सुटला, खिडक्या आपटल्या, आणि पत्र्यावर थेंब वाजायला लागले. सगळा वर्ग ओरडत खिडक्यांकडे धावला. ती मात्र दाराकडे गेली. माझ्याकडे न बघता, परवानगी न विचारता ती बाहेर पळाली. मी खडू टाकला आणि तिच्यामागं निघाले.

भट्टीवर पोचले तेव्हा आईबाप आणि ती, तिघं मिळून रचलेल्या विटांवर जे हाताला लागेल ते टाकत होते. पोती, पळसाची पानं, पऱ्हाटीचे भारे, घरातली पांघरुणं. पाऊस आडवा येत होता. विटांचे कोपरे आधी गेले, मग कडा. लाल-करडं पाणी माझ्या चपलांवरून नाल्याकडे वाहायला लागलं. मीही पोती ओढत होते, पण माझ्या ओढण्यानं काय होणार होतं? थोड्या वेळानं भट्टीवाला थांबला. बायकोच्या हातातलं पोतं त्यानं काढून घेतलं आणि म्हणाला, “राहू दे आता.” ती तिथंच खाली बसली. गावातून पोरांचा आनंदाचा गलका ऐकू येत होता. कोणी तरी डफडं वाजवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच चार माणसं घेऊन शाळेत आले. हातात नारळ आणि गूळ. मुख्याध्यापकांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली.

“बाई,” सरपंच म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते, “तुमचं शास्त्र खरं निंगालं. भट्टी बंद आन पानी चालू. आमी नाई मानलं असतं तं यंदा मेलोच होतो.”

मी म्हटलं, “हा पाऊस भट्टी बंद ठेवल्यानं आलेला नाही. तो यायचाच होता. मी असं कधीही सांगितलं नाही.”

“हाच तं बाईचा मोठेपना हाय,” त्यांच्यातला एक जण म्हणाला.

मी नारळ हातात घेतला नाही. मुख्याध्यापकांनी घेतला, शिपायानं व्हरांड्यात फोडला आणि खोबरं-गूळ वर्गावर्गांत वाटला. माझ्या वर्गातल्या पोरांनी तो चवीनं खाल्ला. मुलींच्या पुढच्या बाकावर एक जागा मोकळी होती. आयुष्यात माझ्या विषयाचा एवढा जाहीर सत्कार त्यापूर्वी झाला नव्हता, पुढंही झाला नाही. मी तास न घेता खिडकीशी उभी राहिले. मुलांना वाटलं, बाईंची तब्येत बरी नाही.

त्या एका पावसावर लोकांनी पेरण्या केल्या. नंतर तो जो गेला तो गेलाच. पोळा आला तेव्हा वावरं करपलेली होती. नव्यानं विटा पाडायला पाणी नव्हतं, त्यामुळं भट्टी तर बंदच होती, तिच्यात राख सोडा, काडीसुद्धा पेटलेली नव्हती. पण आता भट्टी बंद असून पाऊस का नाही, हे विचारायला कोणी पारावर बैठक बोलावली नाही. मी एकदा भर बाजारात सरपंचांना तसं विचारलं. ते कळवळून म्हणाले, “बाई, आता देवाच्या मनात नाई, त्याले कोन काय करनार?” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. त्या माणसाला लबाड ठरवता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

दुष्काळी कामं सुरू झाली. लोक रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले, सरकारी मदतीची सुकडी घ्यायला रांगा लागल्या. भट्टीवाल्यानं काही दिवस खडी फोडली. मग कळलं की तो बिऱ्हाड घेऊन मलकापूरकडे चालला आहे, पूर्वी जिथं काम शिकला त्याच भट्टीवर, पुन्हा मजूर म्हणून. स्वतःच्या भट्टीवर मालक असलेला माणूस आता दुसऱ्याच्या भट्टीवर माती कालवणार होता.

मुलगी शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली. मुख्याध्यापकांची सही व्हायची होती, म्हणून मी तिला माझ्या वर्गात नेऊन बसवलं. वर्ग रिकामा होता. मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, “तू जाऊ नको. माझ्या खोलीवर राहा. परीक्षेपर्यंतचा प्रश्न आहे. जेवण, पुस्तकं, सगळं माझ्याकडे. तुझ्या बाबांशी मी बोलते.”

“बाबा तं आधीच बोलले,” ती म्हणाली. “परीक्षेसाठी वस्तीतच राहा म्हने. मीच नाई म्हनलं.”

“का?”

“मायचे हात गेले खडीनं. विटा पाडाले दोघं लागतात, बाई. बाबा एकटेच किती पाडतीन?”

“आणि मॅट्रिक?”

ती बाकावर बोटानं रेघा ओढत राहिली. मी तिला म्हटलं, की मी त्या दिवशी पारावर खोटं बोलले असते तर तुमची भट्टी निघाली असती. हे मी तिच्या तोंडून ऐकायच्या आधी स्वतःच बोलून टाकलं.

ती म्हणाली, “नाई बाई. तुमी खरंच सांगतलं. मी सारं आयकलं. तुमी शायेत जे सांगतलं होतं तेच तथीबी सांगतलं.” मग तिनं वर पाहिलं. “पन मले एक समजलं नाई. वायू साऱ्याइचाच हाय म्हनल्या होत्या तुमी. चुलीचा, इंजिनाचा, जिनिंगचा, साऱ्याइचा. मंग बंद आमचीच भट्टी काऊन झाली?”

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. धड्यातली एखादी पायरी निसटली की ती जशी शंका विचारायची, अगदी तशीच तिनं ही विचारली होती, आणि उत्तरासाठी ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मी फळ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. शिपाई दाखला घेऊन आला, तो तिनं घडी करून ओढणीच्या टोकात बांधला, तरी ती थांबलेलीच होती.

मग फाटकापासून तिच्या आईनं हाक मारली, आणि ती गेली.